मेढीला रामराम

सुपारी फुटलेली सोयरीक मोडते ती मानपानावरून नाहीतर दागिन्यांवरून. माझ्या मोरूची सोयरीक सिनेमावरून मोडली. कडावच्या पंचक्रोशीत याआधी कुणाची अशी मोडली असेल तर मला दाखवा.

निरोप घेऊन आली अंबाबाई. ही सुकट-बोंबील विकते. बाजाराच्या दिवशी कशेळ्याला, एरवी आमच्याकडं. टोपलीत वरती बोंबील आणि खाली बातम्या. मी ओटीवर मोड आलेले वाल सोलत बसले होते. तिनं टोपली उतरवली आणि बोंबलांच्या शेजारून एक साडी काढून माझ्यापुढं ठेवली. पिवळी, हिरव्या काठाची. सुपारी फुटल्यावर मी कशेळ्याला जाऊन माझ्या हातानं होणाऱ्या सुनेला, मैनाला नेसवलेली.

"मोतीबाय, माझ्यावर रागवू नको. मी नुसती आणणारी."

"आणणाऱ्या बाईवर कोण रागावतो? पाठवणारा पोरीचा बाप काय बोलला ते सांग."

"चांगोशेट बोलले, पोरगा बेवडा हाय."

हातातला वाल सालासकट टोपात पडला. आमच्या घरात दारू येते वर्षातून एकदा, गावदेवाच्या मानाची. ती देव पितो. देवाला जास्त झाली तर भगत पितो. आमच्या माणसांचा तिच्याशी संबंध बाटली उचलून नेण्यापुरता, आणि तीसुद्धा मी बूच बघून देते.

"कोणी सांगितलं त्याला?"

"सांगायला कशाला पायजे? सोताच्या डोळ्यांनी बघला. खोपोलीच्या थेटरात."

आता हे थेटराचं काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मोतीबाई उगाच भडकली.

मोरू माझा धाकटा. खोपोलीच्या एका कारखान्यात कामाला. आणीबाणी उठली त्या साली तिकडं एका जुन्या गोदामात सिनेमाची कंपनी उतरली होती. कंपनीनं मुंबईहून एक नट आणला होता दारुड्याच्या कामासाठी. तो भला माणूस खरोखरच पिऊन आला आणि जिथं झिंगायचं होतं तिथं झोपला. उठवला तर म्हणे माझं काम झालं, पैसे द्या. कंपनीचा मालक डोक्याला हात लावून बसला. बघ्यांत आमचा मोरू उभा. त्याला शहाणपण सुचलं. बोलला, "साहेब, पिलेला माणूस झोपायच्या आधी कसा चालतो ते मी दाखवू?" दाखवलं. झालं. त्यालाच उभा केला.

घरी येऊन मला सांगतो, "आये, मी सिनेमात काम केलं."

"कसलं?"

"एका माणसाचं."

"माणसाचंच करणार. तुला म्हैस कोण करील?"

एवढ्यावर ते बोलणं संपलं. पुढं कंपनी गेली आणि आम्ही विसरलो. मग मोरूनंच कशेळ्याची मैना काढली. पोरगी मला आवडली, भाकरी पातळ थापते आणि उत्तर जाड देते. सुपारी फोडायला तिचा बाप चांगोशेट आमच्याकडं आला. भाताचा व्यापारी, पांढरी टोपी, बोलताना लवंगेचा वास. बोलणं मोजकं. निघताना त्यानं लहानथोर सगळ्यांचा निरोप घेतला. एवढंच नाही, आमच्या गोठ्याच्या मेढीपुढं उभा राहिला, हात जोडले आणि बोलला, "रामराम, येतो बरं का." पुढं शेताच्या बांधाला लागताना चपला काढल्या, जोडीनं नीट लावून ठेवल्या आणि अनवाणीच गेला. थोरली सून चपला घेऊन मागं धावली. मी सुनांना गोळा करून सांगितलं, "शिका! घर ज्याच्यावर उभं राहतं त्या लाकडाला मान देतो आणि बांधावर चपला घालून चालत नाही. याला म्हणतात मर्यादा."

असा मर्यादेचा माणूस माझ्या पोराला बेवडा म्हणतो!

"अगं तो सिनेमा हाय!" मी अंबाबाईला म्हटलं. "सिनेमात राजा होतो तो घरी जाऊन राज्य करतो काय?"

"तेच मी बोलले. तर शेट बोलतात, ज्यानं कधी चिखलात पाय घातला नाय त्याला भाताची लावणी जमंल काय? मग प्यायल्याबिगर असं झुलायला कसं जमलं?"

हे उत्तर फिरत फिरत आख्ख्या कडावात गेलं आणि लोकांना पटलं. तीच तर पंचाईत. मोरू वाईट झिंगला असता तर कोणी काही बोललं नसतं. पण जो भेटेल तो कौतुक करायचा, "मोतीबाय, काय झिंगलाय तुझा पोरगा! अगदी खरा!" आणि कौतुक झालं की हळूच विचारायचा, "कधीपासून घेतो?" मोरूनं जेवण टाकलं. माझ्या हातची वालाची उसळ पुढं ठेवली तर एकेक दाणा मोजत बसतो. मैना नाही तर कोणी नाही, असं त्यानं मोठ्या भावजयीला सांगितलं. मला सांगायची छाती नव्हती.

तेव्हा मी ठरवलं, आधी गुन्हा बघू. सिनेमा आता कर्जतच्या थेटरात लागला होता. अंबाबाईला बरोबर घेतलं, बोंबलांची टोपली बाहेर पानवाल्याकडं ठेवायला लावली आणि दुपारच्या खेळाला बसलो.

काय तो सिनेमा! बाप तुरुंगात, थोरला भाऊ सुरा घेऊन फिरतो, बहीण कुणाबरोबर तरी पळते, म्हातारी खोकते आणि धाकटा दारू पितो. सगळे चार कोपऱ्यांत तोंड करून रडतात. एक जण दुसऱ्याला विचारत नाही, बाबा रे, जेवलास काय? घरात अंधार किती! एवढ्या मोठ्या कंपनीला एक कंदील मिळाला नाही? मला सारखं वाटत होतं, चार दिवस या घरात मला सोडा. थोरल्याचा सुरा काढून घेऊन भाजी चिरायला लावते, म्हातारीला आल्याचा काढा देते, आणि सिनेमा मध्यंतराच्या आत संपवते. एका घरात एक तरी बोलणारी बाई पाहिजे. नसली की असं होतं.

मग मोरू आला. केस पिंजारलेले, धोतर नेसलेलं. त्या म्हातारीला ढकलून ओरडला, "आये, पैसे दे!" म्हातारी कसली, माझ्याहून तरणी होती, केसांना पीठ लावलेलं. ढकललं त्याचं मला काही वाटलं नाही. पण माझ्या पोरानं परक्या बाईला आये म्हटलं, ते लागलं.

आणि पैसे घेऊन तो रस्त्यानं चालायला लागला.

डाव्या हातानं धोतराचा सोगा उचललेला, जसा काही गुडघाभर पाण्यातून चाललाय. पाय टाकायच्या आधी अंगठ्यानं जमीन चाचपायची. वाटेत विजेचा खांब लागला. मोरू थांबला. खांबापुढं हात जोडले. "रामराम, येतो बरं का."

अंबाबाईनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "आगं बया!"

पुढं गटार आलं. मोरूनं चपला काढल्या, काठावर जोडीनं नीट लावल्या आणि गटारात उतरला. उतरला तो मेला. कॅमेरा त्या चपलांवर थांबला तो हलेचना. मागं सारंगी. थेटरातल्या बायका हमसून हमसून रडायला लागल्या. आणि आम्ही दोघी पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होतो. हसू दाबता दाबता माझी खुर्ची वाजायला लागली.

पुढची बाई वळून बोलली, "लाज नाय वाटत? कुणाचा तरी मुलगा मेलाय!"

"माझाच मेलाय," मी म्हटलं. "मी हसेन नाहीतर नाचेन. तू तुझं रड."

बाहेर आल्यावर अंबाबाईनं टोपली डोक्यावर घेतली. डोळे चकाकत होते. मी ते चकाकणं ओळखते.

"अंबे, ही बातमी टोपलीत ठेवायची नाय."

"मी कशाला ठेवू?"

"ठेवलीस तर कडावात तुझा एक बोंबील खपणार नाय. माझ्या पाच सुना आणि त्यांच्या माहेरची गावं, एवढं ध्यानात ठेव."

घरी आल्या आल्या मोरूला चुलीपाशी बसवला. "ही चाल कुठनं उचललीस?"

तो पायाच्या अंगठ्यानं सारवलेलं शेण उकरायला लागला. "आये, मला दारुडा कर बोलले. मी जवळनं एकच बघितलाय. कशेळ्याच्या बाजारात म्हशीला पेंड आणायला जायचो ना, तिथं."

"आणि तो मैनाचा बाप हाय हे तुला तेव्हा ठाऊक होतं?"

"तेवढंच तर ठाऊक होतं. ते बाजारातनं निघाले का वाट सोडून ओढ्याकडं जायचे. मी धरून घरी पोचवायचो. दार मैना उघडायची."

म्हणजे बघा. पेंड आणायला धाडला तर हा सून घेऊन आला.

आता माझ्या हातात कोयता होता आणि समोर ऊस. कशेळ्याच्या भर बाजारात उभी राहून बोलले असते, "चांगोशेट, चाल तुमची, नाव माझ्या पोराचं!" तर मोरू एका दमात सुटला असता. शेट का एवढा भडकला तेही उघड होतं. दुसऱ्याच्या दारूवर माणूस इतका चिडत नाही. त्यानं पडद्यावर स्वतःलाच बघितलं होतं आणि जगाची नजर मोरूकडं वळवून टाकली होती. पण मी बोलले असते तर मैना आख्ख्या तालुक्यात दारुड्याची पोर झाली असती. आणि बापाची अब्रू काढणाऱ्या घरात कोण पोर देतो? तोंड उघडलं तर पोरगा सुटतो आणि सून जाते. तोंड मिटलं तर दोन्ही जातात. माझ्यासारखीला तोंड मिटायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण.

मी अर्धं उघडायचं ठरवलं.

साडी रिठ्यानं धुतली, मोरूला नवा सदरा घालायला लावला आणि कशेळ्याला गेलो. चांगोशेट ओटीवर झोपाळ्यावर बसलेला. बाजूला भावकीतले दोन म्हातारे विड्याचं पान लावत होते. त्याची बायको सोनुबाई पाणी घेऊन आली. गोल तोंडाची, शांत. माझ्याकडं बघेना, पण तांब्या देताना तिनं पदर तोंडाशी घट्ट धरलेला. रडते का हसते ते मला कळेना.

शेट मोठ्यानं बोलला, "मोतीबाय, मानानं आलात, मानानं चहा घ्या. पण पोर देणार नाय."

"चहाच घेणार, शेट. आमच्या घरात तेवढंच पितात."

एका म्हाताऱ्याला ठसका लागला.

"पण तुमचं बोलणं मला पटलं," मी म्हटलं. "लावणी शिकल्याबिगर येत नाय, तसं झिंगणंपण शिकल्याबिगर येत नाय. माझा पोरगा शिकला, कबूल."

शेटला हे अपेक्षित नव्हतं. मान ताठ झाली. "आईकलंत? आय सोता कबूल करते!"

"करते ना. आता घरात शिकला म्हणाल, तर घरात शिकवणारा कोण नाय. म्हणजे बाहेर गुरू केला. मग गुरूलाच विचारू, बाबा, हा तुझ्या संगती प्यायचा का नुसता बघायचा? गुरू खोटं बोलणार नाय."

झोपाळा थांबला. शेटचा पाय जमिनीला टेकला होता.

"कोण गुरू?"

"मला बाईमाणसाला काय ठाऊक? पण ही जाणती माणसं बसलीत. चाल बघितली का ओळखतील. मोरू, ऊठ रं. चालून दाखव. आधी चपला घाल, काढायला लागतात ना."

दोन्ही म्हातारे पान सोडून पुढं सरकले. शेटच्या कपाळावर घाम आला, लवंगेचा डबा हातात तसाच. मला वाटलं, आता हा मोडतो. एक पाऊल, फक्त एक पाऊल मोरूनं टाकायचा अवकाश, शेट ओरडणार, "पुरे, सोयरीक मंजूर!"

मोरू उठला. चपलेत पाय घातला. चांगोशेटकडं बघितलं. आणि परत खाली बसला.

"आये, मी चालणार नाय."

"काय?"

"नाय चालणार. सोयरीक मोडली तर मोडू दे. मी बेवडा तर बेवडा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सासरची सात गावं मी जिभेवर नाचवली आणि माझ्याच पोटी हे लोणी निपजलं! इतका सरळ डाव, आणि यानं हातातला एक्का फेकून दिला. मी साडी काखेत मारली आणि उठायला लागले.

तेवढ्यात आतल्या दारातून मैना बाहेर आली. पदर खोचलेला, हाताला पीठ. बापाच्या समोर येऊन उभी राहिली. आवाज अजिबात चढवला नाही.

"आबा, एक ईचारू?"

"आत जा."

"बाजाराच्या दिवशी तुमच्या चपला दारात कोण आणून ठेवतो?"

शेट गोंधळला. "कोण म्हंजे? माझ्या पायात असतात."

"तुमी अनवाणी येता, आबा. चपला मागनं येतात. कुणाच्या तरी हातात."

तिनं मोरूकडं बघितलंसुद्धा नाही. गरज नव्हती. चांगोशेटनं बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं, जसं भाताचा दाणा तळहातावर घेऊन बघतो तसं.

"मी तर आपला आपण घरी येतो," तो बोलला, पण आवाजात दम नव्हता.

"आपला आपण!" सोनुबाईच्या तोंडून निघालं, आणि मग तिला आवरेना. तांब्या खाली ठेवला आणि भिंतीला टेकून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी, आणि हसतेय. "काल परत जाऊन बघून आले मी तो सिनेमा. ते खांबाला रामराम करतात ना, तेव्हा मी थेटरात उभीच राह्यले. मला वाटलं, आले घरी, पाट मांडायला हवा!"

म्हातारेही फुटले. त्यातला थोरला बोलला, "चांगो, आख्ख्या गावानं बघला रं. तुझ्यापुढं हसायचं नाय म्हणून दात धरून बसलोय. आज सुटलो बाबा!"

शेटनं टोपी काढून मांडीवर ठेवली. तिचा काठ बोटांनी सरळ केला. मग मोरूला बोलला, "तू कधी कुणाला बोलला का नाय?"

"काय बोलायचं? तुमी सगळ्या वाटेनं मैनाचं कौतुक सांगायचात. तिनं लहानपणी विहिरीत पडलेलं वासरू कसं वाचवलं, मुंबईहून आलेल्या सावकाराला काय उत्तर दिलं. ते ऐकायला मिळायचं."

"म्हंजे पोर मीच दाखवली?"

"दाखवली नाय. ऐकवली."

आता मला राहवेना. "अर्धी सोयरीक तर तुमीच केलीत शेट, ओढ्याच्या काठाला. मी आपली उरलेल्या अर्धीला सुपारी फोडली."

शेटनं हात पुढं केला. "आणा ती साडी." त्यानं ती नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "हिला बोंबलाचा वास येतोय."

"परत पाठवलीत त्याचा वास हाय तो. रिठ्यानं जात नाय. मैना नेसंल तेव्हा जाईल." मग मी चहाचा कप उचलला आणि म्हटलं, "एक अट हाय माझी."

शेटनं साडीवरची नजर वर केली.

"हळदीला नि लग्नाला शेटनी लवंग खायची नाय."

भावकीतल्या म्हाताऱ्यांना कळलं नाही. सोनुबाईला कळलं, तिनं उठून शेटच्या हातातला डबाच काढून घेतला आणि कमरेला खोचला.

लग्न चांगोशेटच्या दारात लागलं. दोन्ही गावांची माणसं आली होती, आणि अर्धी तर शेट कसा चालतो ते बघायला. हळद लावायच्या निमित्तानं मी त्याच्या जवळ जाऊन चांगला श्वास भरून घेतला. हळद, घाम आणि खोबरेल. बाकी काही नाही. माणूस दिवसभर काठीसारखा ताठ चालत होता. बायका कुजबुजत होत्या, असा चाललेला तर हा कोणी दुसराच वाटतो.

पाठवणीची वेळ झाली. मैना माझी पिवळी साडी नेसून उभी. शेटनं सगळ्यांचा निरोप घेतला, जावयाचा, माझा, माझ्या एकेका सुनेचा. मग तो मांडवाच्या मुहूर्तमेढीपाशी आला आणि थांबला. आख्ख्या मांडवानं श्वास धरला. हसायला तोंडं तयार होती. मी वळून सगळ्यांवरून नजर फिरवली. ज्या नजरेनं माझ्या घरात मसाल्याचं झाकण आपोआप बंद होतं, त्या नजरेनं. कोणी हललं नाही.

शेटनं हात जोडले. "रामराम," मेढीला बोलला. "पोर चालली."

लग्नाच्या मेढीला रामराम करायचाच असतो. त्यात हसण्यासारखं काय आहे?

मग तो आमच्या मागून बांधापर्यंत आला, आणि बांधावर सवयीनं चपला काढल्या, जोडीनं नीट लावल्या आणि अनवाणी पोरीच्या मागं चालत राहिला. रडत होता, पुढचं काही दिसत नव्हतं त्याला. मोरू मुंडावळ्यांसकट मागं वळला. वाकला, चपला उचलल्या आणि नेऊन त्याच्या पायाशी ठेवल्या.

"घाला, आबा."

अंबाबाई माझ्या शेजारी उभी होती. टोपली तिनं आज घरी ठेवली होती, तरी डोळे चकाकत होते. "मोतीबाय, हे तरी सांगू काय गावात?"

"सांग," मी म्हटलं. "पण बोंबलांच्या खाली नाय, वर ठेव."

आणि पुढं होऊन मोरूच्या पाठीत एक धपका घातला. नवरदेवानं भर वाटेत वाकायचं नसतं, मुंडावळ्या सुटतात, हे मी त्याला सकाळीच सांगितलं होतं.